याची किल्ली घरी कापतील

"वन्सं, वाईट वाटून घेऊ नका... पण रविवारी तुम्ही घरी येऊ नका!"

भावजय दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. थोरलीने हातातली कानस खाली ठेवली, स्टूल पुढे सरकवलं, त्यावर पडलेला लोखंडाचा कीस फडक्याने झटकला. पण भावजय काही बसली नाही.

"मुलाकडची माणसं येणार आहेत. एकदा सुपारी फुटली की मी सुटले! पण माणसं फार चौकस आहेत हो. आत्या काय करते, तिचं लग्न का नाही झालं, असं विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, कुलपांच्या नादात राहून गेलं म्हणून," थोरलीने हसण्याचा प्रयत्न केला.

"तुम्हाला थट्टा सुचते! माझ्या लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आधीच या घराण्यात एक दर्यापारचा, त्यात तुमचं ते प्रकरण... एकटी बाई किती डाग धुणार?"

थोरलीच्या ओठांवरचं हसू विरून गेलं. "नाही येत मी," ती हळूच म्हणाली. "पोरीला सांग, आत्याला बरं नाही."

"ते मी केव्हाच सांगितलंय."

जाता जाता भावजयीची नजर भिंतीतल्या खिळ्याकडे गेली. तिथे एक कुलूप लटकत होतं, बंद. "आणि ते एकदा भंगारात घाला. ना किल्ली, ना काही... कुलूप म्हणे!"

"ते विकायचं नाही," थोरली म्हणाली. पण ते ऐकायला भावजय थांबली नव्हती.

या घराण्याची एक जुनी रीत होती. घरातल्या ज्याने कुलूप करायचं, त्याने किल्लीला हात लावायचा नाही; किल्ली घरातल्याच दुसऱ्या माणसाने कापायची. लहानपणापासून ज्याच्या त्याच्या हाताला ज्याचं त्याचं काम लावून दिलं जाई, आणि मग मरेपर्यंत त्यात बदल होत नसे. एकाने दुसऱ्यावर विश्वास टाकल्याशिवाय कुलूप पुरंच होऊ नये, एवढा साधा अर्थ होता त्या रीतीत. थोरली कुलपं करी, तिचा धाकटा भाऊ किल्ल्या कापी. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून दोघं भांडत, हसत, एकमेकांच्या ताटलीतलं पळवत मोठी झाली होती.

आणि मग तो दिवस आला होता. धाकट्याच्या ओठांवर तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. कुणा मित्राच्या गोड बोलण्याला भुलून त्याने एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची दुसरी किल्ली कापून दिली आणि कपाट रिकामं झालं! चौकशीला माणसं दारात आली तेव्हा तो भिंतीला टेकून पानासारखा थरथरत होता. त्याच्याकडे पाहता पाहता थोरलीच्या काळजात काय हललं कोण जाणे... ती पुढे झाली आणि म्हणाली, "किल्ली मी केली."

गेलेलं सामान मिळालं, तक्रार मागे घेतली गेली. पण थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं ते कायमचं. वडिलांनी त्या संध्याकाळी एकदाच तिच्या हातांकडे पाहिलं, ज्या हातांनी जन्मात एक किल्ली कापली नव्हती त्या हातांकडे. आणि मान खाली घातली. म्हणजे त्यांना कळलं होतं! त्यांचं ते एक पाहणं थोरलीला आयुष्यभराचा आधार झालं... आणि त्यानंतरचं त्यांचं मौन आयुष्यभराची वेदना!

धाकटा त्यानंतर बाकावर बसला नाही. शिकला, कचेरीत लागला, दुसऱ्या पेठेत त्याने बिऱ्हाड केलं. लोकांना वाटे, बहिणीची लाज वाटते म्हणून तो येत नाही. थोरलीला ठाऊक होतं, लाज तिची नव्हती. तिने पोटासाठी किल्ल्या समोरच्या कारागिराकडून कापून घ्यायला सुरुवात केली. फक्त त्या दिवशी तिच्या हातात असलेलं कुलूप तिने कुणाला दिलं नाही. ते तिने खिळ्याला लावलं, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याला तेलाचं बोट फिरवायची.

भावजय येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, एक अनोळखी बाई दुकानात आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, खांद्याला कापडी पिशवी. बोलणं आपलंच, पण जुन्या वळणाचं, पेटीत जपून ठेवलेल्या कपड्यासारखं.

"ही खूण तुमचीच ना?" तिने पिशवीतून एक कुलूप काढून बाकावर ठेवलं. त्याच्या पाठीवर दोन चंद्रकोरी ठोकलेल्या होत्या, एकमेकींना पाठ लावून. "सबंध गल्ली फिरले. शेवटी समोरचे म्हणाले, ही खूण आता फक्त थोरलीच ठोकते."

थोरलीने आपला छाप पुढे ठेवला. दोन चंद्रकोरी! बाईचे डोळे भरून आले.

"मी समुद्रापलीकडून आले. तिकडे इस्पितळात परिचारिका आहे. माझ्या पणजोबांना इथून काळ्या पाण्यावर पाठवलं होतं. एका पेढीची तिजोरी खोट्या किल्लीने उघडली म्हणून. आमच्या घरात त्यांचं एवढंच उरलंय."

दर्यापारचा! थोरलीचा हात आपोआप मागे आला. या घरात ज्याचं नाव घ्यायचीही बंदी होती, पोरांनी हट्ट केला की 'दर्यापार जाशील' म्हणून ज्याचा धाक घालत, तो थोरलीच्या पणजोबांचा सख्खा थोरला भाऊ... त्याचं रक्त समोर स्टुलावर बसून डोळे पुसत होतं!

"शिक्षा संपल्यावर ते तिथेच राहिले," परिचारिका सांगू लागली. "संसार केला, कुलपं करून विकली. त्यांच्या किल्ल्या एक शेजारी कापून द्यायचा. पण हे एक त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही. काम उरकलं की मांडीवर घेऊन बसायचे. कुणी म्हटलं, कापून देऊ का, तर म्हणायचे, 'याची किल्ली घरी कापतील.' आमच्या घरात सगळे समजायचे म्हातारा भ्रमला. घरी तर बसला होता, बायकोमुलांत! आणखी कुठलं घर?"

थोरलीने कुलूप उचललं. आता कुठे तिचं लक्ष गेलं, कुलपाच्या कडीत एक जाड लोखंडी वळं अडकवलेलं होतं, आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं.

"ते त्यांच्या पायातल्या बेडीचं," परिचारिका म्हणाली.

थोरलीने भिंग डोळ्याला लावलं. किल्लीच्या भोकाच्या कडा अजून कोऱ्या होत्या. एकही ओरखडा नाही. आत कधी किल्ली गेलीच नव्हती. याची किल्ली हरवली नव्हती... ती कधी झालीच नव्हती!

आणि मग एकाएकी भिंग डोळ्यावरून काढून ती त्या वळ्याकडे पाहू लागली. कुलूप करणारा किल्लीला हात लावत नाही. परक्या बेटावर, जिथे विचारणारं कुणी नव्हतं, तिथेसुद्धा ज्याने शेवटच्या श्वासापर्यंत ही रीत मोडली नाही, तो माणूस पेढीची खोटी किल्ली कापेल? त्याला तर कापता येतच नव्हती! घरात किल्ल्या कापणारा दुसराच होता. त्याचा धाकटा भाऊ... थोरलीचे स्वतःचे पणजोबा! ज्यांनी मागे राहून हे दुकान चालवलं, ज्यांच्या वंशाने मग त्या निरपराध माणसाचं नाव घरातून पुसून टाकलं!

"ताई, काय झालं हो?" परिचारिका घाबरली.

"तुझे पणजोबा चोर नव्हते गं," थोरली कशीबशी म्हणाली. "त्यांनी भावाला वाचवलं."

तिने रीत समजावून सांगितली, एखाद्या मुलाला सांगावं तशी, हळूहळू. परिचारिका ऐकत राहिली आणि मग त्या बंद कुलपावर डोकं टेकवून हुंदके देऊन रडली. तिच्या आजीला शाळेत 'कैद्याची पोर' म्हणून वेगळं बसवत, हे तिने त्या रडण्यातच सांगितलं.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "मग कापाल ना किल्ली? उद्या संध्याकाळी माझं जहाज सुटतं."

"मला नाही येत गं. माझा भाऊ कापायचा."

"मग त्यांना बोलवा की!"

उद्या रविवार होता!

स्वतःसाठी तिने ते दार कधीच ठोठावलं नसतं. भावजयीला शब्द दिला होता. पोरीचं सुख पणाला लागलं होतं. शिवाय ही कथा धाकट्यासमोर सांगायची म्हणजे त्याच्या जखमेवरची खपली आपल्या हाताने काढायची... इतकी वर्षं जिवापाड जपलं, ते आज का उघडं करायचं? पण रविवारी दुपारी दुकानाची फळी लावताना तिला तो म्हातारा डोळ्यांसमोर दिसला, मांडीवर कुलूप घेऊन समुद्राकडे बघत बसलेला. त्याचं घर म्हणजे आपणच! आपण नाही म्हटलं, तर त्याने कुणाकडे जावं?

परिचारिकेला घेऊन ती गेली, तेव्हा धाकट्याच्या घरी दार भावजयीनेच उघडलं. आतून कपबश्यांचा आवाज आणि परक्या माणसांचं हसणं येत होतं.

"आज?" भावजय दबक्या आवाजात कडाडली. "वन्सं, आजच मुहूर्त सापडला? आणि ह्या कोण?"

"ह्या नात्यातल्या आहेत. त्याला जरा बाहेर बोलाव, मी आत येत नाही."

धाकटा स्वतःच बाहेर आला. केस पिकलेले, नवा कडक सदरा. बहिणीला पाहताच त्याची नजर नेहमीप्रमाणे खाली गेली, तिच्या हातांवर. आणि त्या हातांतल्या कुलपावर अडकली.

"बाळ," थोरली म्हणाली, "एक किल्ली कापायची आहे."

"ताई, मी केव्हाच सोडलं ते..."

"ठाऊक आहे रे. पण हे आपल्या दर्यापारच्याने केलंय. त्याने कुलूप केलं आणि म्हणाला, याची किल्ली घरी कापतील. वाट बघत गेला बिचारा."

याहून जास्त ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. रीत धाकट्यालाही तिच्याइतकीच ठाऊक होती. त्याने कुलूप हातात घेतलं, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, बेडीचं वळं पाहिलं. आणि थोरलीला दिसलं, की तो पुन्हा भिंतीला टेकला आहे, पुन्हा तसाच थरथरतो आहे, जणू मधली सगळी वर्षं कुणी उचलून नेली होती!

"पाहुण्यांना चहा दे," तो बायकोला म्हणाला. "मी दुकानात जाऊन येतो."

"अहो, वेड लागलं का? मी त्यांना काय सांगू?"

"सांग, घरचं एक काम राहिलं होतं."

तो पायात चपला सरकवून निघालासुद्धा. मागोमाग त्याची लेक निघाली, ठेवणीतल्या कपड्यांतच. "आत्या, तुला बरं नव्हतं ना गं?" तिने वाटेत विचारलं. थोरलीने नुसता तिचा हात दाबला. लेकीच्या मागून, पाहुण्यांना कसंबसं बसवून, संतापाने लाल झालेली भावजय येत होती.

बाकाचं ते टोक रिकामंच होतं. थोरलीने तिथे कधी काही ठेवलं नव्हतं. धाकटा बसला. त्याने कोरी किल्ली दिव्यावर धरून काळी केली, भोकात घालून हलकेच फिरवली, बाहेर काढली. काजळी जिथे पुसली तिथे कानस चालवायची, पुन्हा काळी करायची, पुन्हा फिरवायची... कुलूप स्वतःच सांगतं, आपल्याला कसे दात हवेत ते. फक्त ऐकणारा हात लागतो. सुरुवातीला त्याचा हात अडखळला. मग कानशीला लय सापडली. तिकडे पाहुणे खोळंबले असतील, हे भावजय दोनदा बोलली. तिसऱ्यांदा बोललीच नाही.

किल्ली फिरली. आत काहीतरी जड हललं, कडी उघडली, आणि बेडीचं वळं सुटून बाकावर घरंगळत परिचारिकेच्या पुढ्यात येऊन थांबलं. तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

मग धाकट्याने कानस खाली ठेवली आणि लेकीकडे वळला.

"बेटा, या घरात दोनदा खोटी किल्ली कापली गेली. दोन्ही वेळा कापणारा धाकटा होता, आणि दोन्ही वेळा भोगलं थोरल्याने. पहिला कोण, ते आज कळलं." त्याने नजर उचलून बहिणीकडे पाहिलं. "दुसरा मी."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. दुकानात आजवर कधी न टेकलेली ती, मटकन स्टुलावर बसली. "वन्सं... मी तुम्हाला काय काय बोलले!"

"अगं, लेकीसाठी बोललीस," थोरली म्हणाली. "माझीही ती कुणी आहेच की!"

"आत्या, चल घरी," भाचीने तिचा हात धरला. "आधी तू बसशील पाहुण्यांसमोर, मग मी. त्यांना पटलं तर पटलं!"

"ताई..." धाकटा तिच्या पायांशी वाकू लागला. तिने त्याला मधेच धरलं. थोरलीने लहानपणी पुसायची तसे त्याचे डोळे मळक्या फडक्याने पुसले, आणि त्याच्या गालावर काजळीचा फराटा उमटला. इतक्या वर्षांनी ती खळखळून हसली! हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले.

"तू मला कधी काहीच का म्हणाली नाहीस?" त्याने विचारलं.

थोरलीने भिंतीकडे जाऊन खिळ्यावरचं कुलूप काढलं, तेलाने चमकणारं, अजूनही बंद, आणि त्याच्यासमोर बाकावर ठेवलं.

धाकट्याने ते ओळखलं. मग त्याने नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, दिव्याची वात वाढवली आणि दुसरी कोरी किल्ली हातात घेतली.