न वाळणारा तुकडा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. खोटं सांगून मला काही मिळणार नाही.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. यात दिवे जात नाहीत, कुत्री रडत नाहीत.

हे घडलं भर दुपारी. डोक्यावर रणरणतं ऊन असताना.

घडलं माझ्या मामाच्या बाबतीत. मामा घरांपुढचे डांबरी रस्ते करतो. फाटकापासून पोर्चपर्यंतचा जो तुकडा असतो ना, ज्याला सगळे ड्राइव्हवे म्हणतात, तो. नवा टाकायचा, भेगा भरायच्या, वरून सीलकोटचा काळा हात मारायचा, यातच त्याचा जन्म गेला. मामी म्हणते, "ह्यांच्या अंगाला डांबराचा एवढा वास, की डाससुद्धा विचार करून चावतो."

आमच्या भागात हे काम सोपं नाही. जमीन काळी, चिकण. पाण्याने फुगते, उन्हाने फाटते. मामा म्हणतो, "खाली माणूस झोपलाय आणि वर आपण पांघरूण घातलंय असं समज. त्याने कूस बदलली की पांघरुणाचा चोळामोळा." त्यात ऊन असं, की दुपारी डांबर मऊ पडतं. खुर्ची ठेवली तरी तिचे पाय रुततात.

तर त्या उन्हाळ्यात मामाला गल्लीच्या टोकाच्या घरी सीलकोटचं काम होतं. रस्ता त्यानेच हिवाळ्यात नवा टाकलेला. घरात एक ताई आणि त्यांची लहान मुलगी. मुलीला सगळे छकुली म्हणायचे.

काम सकाळी लवकर आटपलं. मामाने फाटकाला आडवी दोरी बांधली आणि नेहमीचं सांगितलं, "ताई, दोन दिवस गाडी आणू नका हं यावर."

"आमच्याकडे गाडी नाही," ताई म्हणाल्या.

एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मामाला ते जरा खटकलं. गाडी नाही तर बाईने एवढा दांडगा रस्ता कशाला करून घेतला? पण गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला.

"दादा, रस्ता वाळला. पण मधला एक तुकडा... तो वाळतच नाहीये."

मामा हसला. सीलकोट उन्हात वाळतो आणि सावलीत ओला राहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. एखादं झाड असेल, भिंत असेल. बघून येऊ म्हणून तो दुपारी जेवण उरकून निघाला.

दोरी जशीच्या तशी होती. त्याची स्वतःची गाठ, कुणी हात न लावलेली.

रस्ता छान वाळला होता. काळा, कोरडा. आणि बरोबर मधोमध... एक लांबट तुकडा अजून ओला चकचकत होता.

मामाने वर पाहिलं. झाड नाही. भिंत नाही. तारसुद्धा नाही.

तो खाली वाकला आणि त्या तुकड्यावर हात ठेवला.

थंडगार.

बाजूच्या डांबरावर हात टेकवत नव्हता, आणि इथे माठाच्या बुडासारखा गारवा. कडेला शेजारचं मांजर आरामात पसरलं होतं. त्याचं पोट सीलकोटने काळं झालं होतं.

"छकुलीचे फ्रॉकही असेच होतात," मागून ताई म्हणाल्या. "कितीही ओरडा, दुपारी तिथेच जाऊन बसते. म्हणते, सावली आहे."

मामाने तुकडा नीट निरखला. लांबी, रुंदी. त्याला हे माप पाठ होतं. अशा मापाच्या सावल्या तो रोज बघतो.

"ताई, राग मानू नका. दोरी तशीच आहे खरी, पण इथे कुणीतरी गाडी लावली होती. माझं मी दुरुस्त करून देईन, पैसे नकोत. फक्त खरं सांगा."



मग मामाला खळगे दिसले. मऊ डांबरात चाकं दाबली गेली की पडतात तसे. पुढचं एक. मागची दोन. आणि चौथ्या चाकाच्या जागी, थोडं आतल्या बाजूला...

एक छोटा चौकोनी खळगा.

ही खूण त्याने शंभर घरांत पाहिली होती. शंभर गिऱ्हाइकांना त्यावरून झापलंही होतं, की बाबांनो, उन्हाळ्यात गाडी उचलताना जॅकखाली फळी ठेवा, डांबर दगा देतं.

"जॅक," तो पुटपुटला.

ताईंनी पोर्चचा खांब धरला.

"मागच्या उन्हाळ्यात," त्या हळूच म्हणाल्या. "दुपारचीच वेळ. हे गाडीखाली शिरले होते. मी आत होते. छकुली इथे बसून त्यांना नट आवळायचे पाने देत होती. जॅक रुतला, दादा. एवढंच झालं. जॅक रुतला."

ताईंनी खांब सोडला आणि रस्त्याकडे बोट केलं.

"गाडी मी भंगारात दिली. जुना रस्ता मुळापासून उखडून फेकायला लावला. तुम्ही टाकलात तो सगळा नवा आहे. एक खडासुद्धा जुना नाही. मग हे काय आहे?"

तेवढ्यात आवाज आला.

टक्...

टक्... टक्...

लोखंडावर लोखंड. आवाज त्या ओल्या तुकड्यातून येत होता, जमिनीपासून वीतभर वरून. तिथे तर काहीच नव्हतं.

मांजर ताडकन उठलं आणि कुंपणावरून पळालं.

"छकुली कुठंय?" ताईंनी विचारलं.

ती तुकड्याच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. कधी बाहेर आली, दोघांनाही कळलं नव्हतं. हातात जुना पाना. तोंडाने काहीतरी गुणगुणत तिने तो हात पुढे केला, खाली, कुणाला तरी द्यावा तसा.

आणि मग मामाने ते पाहिलं.

पोरीच्या अंगावर लख्ख ऊन होतं. खांद्यावर ऊन, दंडावर ऊन. पण कोपराच्या पुढे...

हात सावलीत होता.

"बाबा, घ्या ना," छकुली म्हणाली आणि आणखी पुढे वाकली. आता तिचं डोकंही सावलीत गेलं.

मामाची नजर त्या चौकोनी खळग्यावर गेली. त्याच्या कडेचा ओला सीलकोट हळूहळू आत ओघळत होता. खळगा खोल होत होता.

जॅक रुतत होता.

मामा साठीचा माणूस. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना तीनदा थांबतो. त्या क्षणी तो कसा धावला ते त्याचं त्यालाच माहीत नाही. त्याने पोरीला कमरेला धरून मागे खेचलं आणि दोघं कुंपणाशी जाऊन आदळली.

धप्प!

काही पडलं नाही. काही दिसलं नाही. पण पायाखालची जमीन हादरली, खिडक्यांची तावदानं वाजली, आणि त्या तुकड्याच्या चारी बाजूंनी धूळ उडाली.

मग सगळं शांत झालं. टक्टक् थांबली होती.

छकुली रडली नाही. तिने मामाकडे बघितलं आणि विचारलं, "काका, मला ओढलंत. मग बाबांना का नाही ओढलं?"

ताई होत्या तिथेच मटकन बसल्या. मामालाही रडू कोसळलं. तो सांगतो, एवढी वर्षं काम केलं पण असं कुणाच्या दारात बसून कधी रडलो नाही.

संध्याकाळपर्यंत तुकडा वाळला. पाना मात्र सापडला नाही. सगळं अंगण पालथं घातलं, नाहीच.

मामाला वाटलं, सुटलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी ताईंचा पुन्हा फोन. दुपारी तुकडा परत थंड पडला होता. परत टक्टक् सुरू होती.

मामा ताईंना म्हणाला, "घर विका. पोरीला घेऊन निघून जा."

"आणि ह्यांना तसंच खाली ठेवून जाऊ?" ताई म्हणाल्या.

मग मामाला जे येतं तेच त्याने केलं. सागवानाची एक जाड फळी आणली आणि सकाळच्या उन्हात, आवाज सुरू व्हायच्या आत, त्या चौकोनी खळग्यावर नीट बसवली.

दुपारी दोघंही पोर्चमध्ये उभी राहिली. छकुलीला मामीकडे धाडलं होतं.

तुकडा गार पडला. टक्टक् आली. मग फळी... करकरली. कुणीतरी तिच्यावर भार टाकत असावं, तशी.

पण खाली गेली नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. रोज दुपारी आवाज येतो आणि ऊन कललं की थांबतो. जमीन हादरत नाही. छकुली शाळेत जाते. तिला त्या तुकड्यापासून चार हात लांब राहायची सक्त ताकीद आहे. ताई दुपारी पोर्चमध्ये निवडण-टिपण घेऊन बसतात आणि दिवसभराचं सगळं त्या रिकाम्या जागेला सांगतात. शेजारी म्हणतात, बाई भ्रमिष्ट झाली. मामा म्हणतो, तिच्याइतकी शहाणी बाई मी पाहिली नाही.

मी हे सगळं आज का लिहितोय, तेही सांगतो.

परवा ताईंचा फोन आला. फळीला उभी चीर गेली आहे. एवढी वर्षं ऊन आणि तो भार, दुसरं काय होणार. आणि करकर पूर्वी नुसती दुपारी यायची, ती आता सकाळीही येते, अंधार पडला तरी येते. भार उतरतच नाही.

म्हणजे नवी फळी घालायची तर जुनी त्या भाराखालून ओढावी लागणार. एकाने ओढायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने नवी सरकवायची. हात आत घालून.

मामाचे हात आता थरथरतात. काल तो माझ्याकडे आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "ओढायचं काम मी करतो रे. सरकवायला तू येशील?"

मी हो म्हणालो. त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

उद्या जायचंय.

नवी फळी माझ्या दाराशी उन्हात उभी करून ठेवली आहे. सकाळपासून चार वेळा तिच्यावरून हात फिरवला. चांगली जाड आहे.

मघाशी परत हात लावला, तर... एका टोकाला ती गार लागली.