बारा दिवसांचा आठवडा

रत्नागिरीजवळच्या एका भौतिकी संस्थेतल्या कालविस्तार कक्षाचं दार दोन वाजता उघडलं आणि मैत्रेयी तांडेल बाहेर आली. एक वाजता ती आत गेली होती. तिच्या मनगटावरच्या घड्याळात मात्र चोवीस तास उलटले होते. तेवढ्या वेळात तिने प्रबंधाची अकरा पानं लिहिली होती, आठ तास झोप काढली होती आणि तीन डबे संपवले होते.

"कसा गेला दिवस?" डॉ. लोपीसबाईंनी विचारलं. कक्ष त्यांनीच घडवला होता आणि मैत्रेयीच्या मार्गदर्शकही त्याच होत्या.

"लिखाण झालं. ओवीची फार आठवण आली."

"सकाळीच तर भेटली असेल की!"

"तिला सकाळी. मला काल."

मैत्रेयी त्याच संस्थेत पाणी तपासायचं काम करायची. जेवणाच्या सुट्टीचा तास कक्षात घालवला की नोकरी सांभाळून अभ्यास व्हायचा आणि संध्याकाळ दोन वर्षांच्या लेकीला, ओवीला, पुरती मिळायची. आठवड्यातून पाच वेळा ती आत जाई. सगळ्यांचा आठवडा सात दिवसांचा, तिचा बारा दिवसांचा. जास्तीचे दिवस तिच्याच आयुष्यातून जात होते. ते तिला मान्य होतं.

मग तिला दिवस गेले. नवरा हेरंब मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. तीन महिन्यांपूर्वीच घरी आला होता. दोघं सोनोग्राफीला गेली.

"तुमच्या तारखेप्रमाणे बारा आठवडे हवेत," पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाल्या. "वाढ तर वीस आठवड्यांची आहे. तारीख चुकली नाही ना?"

हेरंबचा चेहरा उतरला. वीस आठवड्यांपूर्वी तो भर समुद्रात होता.

मैत्रेयी क्षणभर गोंधळली, मग तिने मनाशी हिशेब केला आणि त्याला तडक लोपीसबाईंकडे नेलं.

"कक्षातला काळ एकट्या हिच्यासाठी धावत नाही," बाई म्हणाल्या. "आतला चहा आतल्या वेळाने निवतो. पोटातलं बाळही आतल्याच वेळाने वाढतं. बारा आठवड्यांत साठ दिवस मिळवा."

"बाळाला धोका?" मैत्रेयीने विचारलं.

"त्याचे नऊ महिने नऊच भरतील. मागे पडेल ते आपलं कॅलेंडर."

हेरंबने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "म्हणजे तू पाच महिने आई आहेस आणि मी तीन महिने बाप. आता तरी थांब. उरलेले दिवस दोघांना सारखे मिळू देत."

तिला पटलं. शेवटचं प्रकरण तसंच टाकून ती दोन दिवस कक्षाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी हेरंबला कंपनीचा निरोप आला: चौदा आठवड्यांनी जहाजावर हजर व्हायचं. बाळंतपणाला वीस आठवडे होते. ओवीच्या वेळीही तो समुद्रातच होता. त्याने तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा ती मान धरायला लागली होती.

मैत्रेयीने कागद ओढला. एकशेचाळीस दिवस, भागिले बारा.

"हेरंब, मी आत जात राहिले, तर बारा आठवड्यांच्या आत होईल."

त्याने भागाकार दोनदा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिचे तिन्ही डबे त्यानेच भरले. शेवटी शेवटी बाईंनी तिच्या सोबतीला आत एक परिचारिकाही दिली.

अकराव्या आठवड्यात प्रबंध सादर झाला आणि बाराव्यात मुलगा झाला, चांगला सव्वातीन किलोचा. दवाखान्यातली परिचारिका फॉर्म भरत होती. मान खाली घालूनच तिने विचारलं, "किती महिने भरले होते?"

"नऊ," मैत्रेयी म्हणाली.

"साडेपाच," त्याच क्षणी, बाळाला छातीशी धरून उभा असलेला हेरंब म्हणाला.