बरणीतले कामगार

माणूस मंगळावर राहायला जाईल, तेव्हा त्याच्या घरातला दिवा जंतूंच्या पुण्याईने लागेल. २००८ साली हे भावी प्रकाशदाते चेन्नईतल्या एका प्रयोगशाळेत, अड्यारच्या खाडीतल्या चिखलासकट, लोणच्याच्या बरणीत राहत होते. सांडपाण्यावर जगायचे आणि खाल्ल्या अन्नाला जागून वीज द्यायचे. त्या विजेवर एक कॅल्क्युलेटर चाले. तोही बेरजेपुरता.

शोळिंगनल्लूरच्या कंपनीतून शरदचंद्र बरणीचे आकडे संगणकावर उतरवायला आला, तेव्हा एक मुलगी पाठमोरी उभी राहून मराठीत विचारत होती, "जेवलात की नाही?"

"जेवलो," तो दारातूनच म्हणाला.

तिने वळून पाहिलं. मग बरणीकडे पाहिलं... साताऱ्याचा शरदचंद्र तिथेच कामातून गेला.

विशालाक्षी मैलापूरची. तिचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात वाढलेलं. ते ऐकायला शरदचंद्र दर आठवड्याला काहीतरी बिघाड शोधून येऊ लागला.

"दसऱ्यानंतर अवकाशयानवाले येणार," ती एकदा म्हणाली. "यानातल्या सांडपाण्यावर हे दिवे लावतील का, ते पाहायला. हो म्हणाले तर माझं काम पुढे चालेल. नाहीतर लग्नाला मामाचा मुलगा आहेच, व्यंकटेश. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे ब्रेक करतो."

"कसा आहे?"

"ब्रेक चांगले करतो."

आयुधपूजेला तिथे सगळ्या यंत्रांना हळद, चंदन, कुंकू लागतं. घरी नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांपाशी पाहुणे यायचे होते म्हणून ती लवकर निघाली. "बरणीलाही लावा, पा," दारातून तमिळ लकबीत म्हणाली. "तेही कामगारच."

शरदचंद्रने विचार केला. कामगार आत, आणि पूजा बरणीची? घरच्या खंडेनवमीला स्मरून त्याने झाकण उघडलं, चांगली मूठभर हळद आत सोडली आणि हात जोडले.

पडद्यावरचा आकडा उतरू लागला.

गुडघा फुटला की आई हळद कशासाठी दाबायची, ते त्याला तेव्हा आठवलं.

कॅल्क्युलेटर विझला. बरणीला हात लावायची भीती, न लावायचीही. डोळे मिटले की मांडवात व्यंकटेश दिसे, उत्तम ब्रेकसह. पळून जावंसं वाटलं. कसाबसा त्याने तिला फोन केला... आणि ती आल्यावर काय बोलायचं, याचीच धास्ती घेऊन बसला.

ती आली, रेशमी साडीत, केसांत मोगरा, हातात प्रसादाच्या हरभऱ्यांचा, सुंडलचा डबा.

"मी त्यांना मारलं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"सगळ्यांना."

तिने पिवळ्या बरणीकडे पाहिलं. बांगड्या थांबल्या.

"हळद? आत?"

"कामगार आत होते..."

ती हसली नाही. तिने वरचं पाणी काढलं, ताजं सांडपाणी भरलं, झाकण घट्ट लावलं. "खरे कष्ट करणारे तळाच्या कोळशाच्या कांडीला चिकटून असतात. वाचले असतील तर... असतील."

दोघं पडद्यासमोर बसली. आकडा हलेना. बाहेर उन्हं उतरू लागली.

"भिता?" तिने हळूच विचारलं.

"आजपासून नाही. पहिल्या दिवसापासून... तुम्ही 'जेवलात की नाही' म्हणाल, आणि ते बरणीला विचारलेलं असेल, याला भितो."

ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली.

"त्या दिवसापासून," ती म्हणाली, "बरणीला मी तमिळमध्येच विचारते."

शरदचंद्र बघतच राहिला — आणि कॅल्क्युलेटरवर पुसटसं शून्य उमटलं. इतकं देखणं शून्य त्याने दहावीच्या निकालातही पाहिलं नव्हतं. दोघांनीही श्वास रोखला. शून्य टिकलं.

"घरी या," ती म्हणाली. "आईला भेटा."

"काय सांगू त्यांना?"

"मनात असेल ते सांगा. फक्त..." तिने बरणी पदराने पुसली, "आवक्काय लोणच्याची बरणी कुठे गेली, असं तिने विचारलं तर ठाऊक नाही म्हणा."