मीठ वाढलं

चार दिवस झाले, साबण नुसता घासला जात होता. फेसाचं नाव नाही. बादल्यांवर पांढरे डाग, डाळ शिजता शिजेना आणि आईचे केस काथ्यासारखे. पाण्याला झालं तरी काय होतं?

बार्शीजवळच्या त्या नव्या वसाहतीत बोअरचं जड पाणी मृदुजल यंत्रातून (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) घरात येई. शाल्मलीच्या घरी त्याची देखभाल टिपण्या नावाचा यंत्रमानव करायचा. टिपण्याला मराठी शिकवायचं काम शाल्मलीकडे होतं आणि अकरा वर्षांच्या त्या बाईंना याचा भलताच तोरा होता.

यंत्राच्या टाकीतलं मीठ मोजणारा संवेदक (बदल ओळखणारा भाग) बिघडला होता. म्हणून स्वयंपाकाच्या सारिकामावशी दर सोमवारी टाकीत डोकावून टिपण्याला सांगत आणि तो लागेल तसं मीठ भरी.

बाबांनी टाकीचं झाकण उघडलं. आत मिठाचा खडाही नव्हता.

"टिपण्या, नोंद काय आहे?"

"गेल्या दोन्ही सोमवारी एकच. मीठ जास्त झालं आहे. सांगितलं सारिकामावशींनी."

"मावशी बघतच नाहीत!" शाल्मली सगळ्यांसमोर म्हणाली. "थापा मारतात!"

"न्हाई हो साहेब, डोळ्यांनी बघून सांगितलं मी," मावशी कळवळून म्हणाल्या. पण बाबांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. उद्यापासून आम्ही दुसरं कुणी बघू, म्हणाले. मावशींनी हात पुसले, चपला घातल्या आणि मान खाली घालून निघून गेल्या. अकरा वर्षं त्या या कुटुंबाचा स्वयंपाक करत होत्या.

शाल्मलीचे आजोबा, नाना, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ होते. ते यंत्रापाशी येऊन उभे राहिले.

"मीठ नसलं की यंत्र का अडतं, ठाऊक आहे?" त्यांनी नातीला विचारलं. "या नळकांड्यात रेझिनचे (राळेसारख्या पदार्थाचे) बारीक मणी आहेत. प्रत्येक मण्यावर सोडियमचे कण बसलेले असतात. बोअरच्या पाण्यात असतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कण. साबणाचा फेस मोडतात ते हेच. ते मण्यांना जास्त घट्ट चिकटतात, म्हणून सोडियमला उठवून त्याची जागा घेतात. याला म्हणतात आयनविनिमय (विद्युतभार असलेल्या कणांची अदलाबदल)."

"मग सगळ्या जागा भरल्या की?"

"की यंत्र थकलं. मग मण्यांवरून मिठाचं दाट पाणी सोडायचं. मिठात सोडियम असतो ना? त्याची एवढी गर्दी होते, की कॅल्शियमला उठावंच लागतं. तो मोरीत जातो आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. मीठ मिळालं नाही, म्हणून आपले मणी भरलेलेच राहिले."

"म्हणजे चूक मावशींचीच!"

"तेवढं अजून कळलेलं नाही. टिपण्या, नोंद नको, आवाज ऐकव."

टिपण्याच्या छातीतून मावशींचा आवाज आला. "मीठ वाढलंय रे बाबा, बघ जरा." मग टिपण्याचा, "शाल्मलीताई, 'वाढलं'चा इथे अर्थ काय? मावशींना विचारू का?" आणि मग तिसरा, ठसक्यातला आवाज, "त्यांना कशाला? मी आहे ना! वाढलं म्हणजे जास्त झालं."

 तो आवाज शाल्मलीचाच होता.

"घरातलं मीठ, कुंकू संपलं, असं पुष्कळ बायका म्हणत नाहीत," नाना हळू आवाजात म्हणाले. "संपणं अशुभ वाटतं. त्या 'वाढलं' म्हणतात. मावशींनी बरोबर तेच सांगितलं होतं."

तिला वर बघवेना. थापा मारतात, हे तिचेच शब्द कानात घुमत होते. नानांनी एक शब्द बोलू नये आणि आपण जमिनीत गडप व्हावं, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी ती मावशींच्या दारात उभी राहिली. तिने सगळं सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. "मला खोटारडी कुठं म्हणालीस?"

"आमच्या घरी."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग हितं कशाला सांगतीस? तिथं सांग."

हे माफी मागण्याहून कितीतरी अवघड होतं. रात्रभर शाल्मलीला धड झोप लागली नाही. सकाळी तिने मावशींना हाताला धरून आणलं आणि आई, बाबा, नाना, टिपण्या, सगळ्यांसमोर चहा निवत ठेवून घडलं ते सांगितलं. लाजेने कान तापले होते, पण तिने एक वाक्यही गाळलं नाही. बाबा उठून उभे राहिले. "मावशी, माझंही चुकलं. ऐकून घ्यायला हवं होतं."

मावशींनी डोळे टिपले आणि पदर खोचला. टिपण्याने टाकीत मीठ भरलं. दुपारपर्यंत मणी धुऊन निघाले आणि साबणाला हातभर फेस आला. आता असे यंत्रमानव गावोगावी जाणार होते आणि नाना म्हणाले, की त्यांना शिकवायला शंभर शाल्मल्यांबरोबर शंभर सारिकामावशीही लागतील.

काम आटोपून मावशी दाराशी गेल्या. "येते गं!"

टिपण्या गोंधळला. "शाल्मलीताई, मावशी तर जात आहेत. मग 'येते' का म्हणाल्या?"

उत्तर शाल्मलीच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं.

"मावशींना विचार," ती म्हणाली. "मी पण ऐकते."