घोरपड घाटातली पांढरी रेघ

फुस्स्!

पहिल्या टायरचा आवाज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, झुडपात नाग आहे. दुसरा आवाज आला तेव्हा वाटलं, नागाची जोडी आहे. पण पुढच्या दोन मिनिटांत घोरपड घाटाच्या तिसऱ्या वळणावर इतके फूत्कार झाले, की एवढे नाग नागपंचमीलासुद्धा बिळातून निघत नाहीत. धाराशिवहून सरावाला आलेले हौशी सायकलवाले हेल्मेट, गॉगल आणि अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांसकट एकेक करून रस्त्याच्या कडेला बसले.

एकच सायकल कुरकुरत पुढे गेली. निळी, बिनगिअरची, पुढे टोपली आणि मागे कॅरिअर. आठवीच्या मुलींना शाळेतून मिळते ना, तसली. तिच्यावर पॅडलवर उभी राहून राजेश्वरी चढत होती आणि मागे काय झालं याचा तिला पत्ताच नव्हता.

घोरपड घाट धावडवाडीच्या डोक्यावर उभा आहे. उभाच. बसायची त्याला सवय नाही. खुद्द घोरपडसुद्धा चढताना मध्ये दोनदा विसावा घेते, आणि गावच्या शेळ्या उतरताना मागच्या पायांनी ब्रेक मारतात, असं गावात शपथेवर सांगतात. या घाटात दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी सायकलवाल्यांच्या मंडळानं आव्हान ठेवलं होतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाय न टेकवता चढायचं. पाय टेकला की बाद. कुणीही यावं, असं मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव गावात येऊन म्हणाले होते, आणि सगळ्यात आधी नाव दिलं होतं राजेश्वरीनं. त्यावर गावातली मोठी पोरं पोट धरून हसली होती. शाळेची सायकल शाळेपर्यंतच जाते म्हणाली.

त्या दिवसापासून राजेश्वरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

“ए पोरी, थांब!” मागून हिंमतराव ओरडले. ती वळून खाली आली. “सगळ्यांचे टायर गेले. तुझा कसा गेला नाही?”

“टायरात टायर हाय, काका. मुजीबनं घातलाय.”

मुजीब तिच्याच वर्गातला. फाट्यावर त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. झिजलेल्या टायरच्या कडेची तार काढायची आणि तो नव्या टायरच्या आत बसवायचा. मग काटा घुसला तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. या भागातल्या निम्म्या सायकली अशाच चालतात.

हिंमतरावांनी मात्र भलतंच गणित मांडलं. म्हणजे काटे पडणार हे हिला आधीच माहीत होतं. मुजीबचं दुकान पंक्चरचं, म्हणजे तोही सामील. गावची पोरं ही अशी! त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला, की राजेश्वरीचं नाव बाद आणि रविवारी घाटात गावातलं एकही पोर दिसता कामा नये. बाकीचे सायकलवाले ट्यूब हातात धरून मान डोलवत होते.

राजेश्वरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण ती रडली नाही. सायकलचं हँडल सरळ करून म्हणाली, “नाव तुमच्या हातात हाय, काका. पाय माझे हायेत.”

आणि घंटी वाजवत उतारानं निघून गेली.

संध्याकाळी मुजीबच्या दुकानामागं बैठक भरली. बैठकीला तिघं होते. राजेश्वरी, मुजीब आणि राजेश्वरीचा मामेभाऊ महांतेश. महांतेश मुरुमहून सुट्टीला आला होता आणि आल्यापासून करंज्यांचा डबा त्यानं खाली ठेवला नव्हता. मुजीबचं म्हणणं होतं, की रविवारी सरळ सायकल काढायची आणि त्यांच्या नाकासमोरून घाट चढून जायचं. बघू कोण अडवतंय.

“चढणार तर हायेच,” राजेश्वरी म्हणाली. “पण चोर म्हणून न्हाय. आधी काटे कुणी टाकले ते हुडकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिसऱ्या वळणावर गेले. पुरावा महांतेशला सगळ्यात आधी सापडला. तो दमून खाली बसला आणि बसल्या बसल्या हातभर वर उडाला.

“अय्यो! सापडला!”

मुजीबनं चिमटीत धरून काटा उपसला. लांब, सरळ आणि दातासारखा पांढरा. राजेश्वरी त्याच्याकडे बघतच राहिली.

“हा देशी बाभळीचा हाय. आपल्या घाटात बाभूळ हाय का एक तरी?”

तिघांनी मान वर करून पाहिलं. धावडा, मोहा, निवडुंग, घाणेरी. बाभूळ औषधालासुद्धा नाही. बाभळी सगळ्या खाली, ओढ्याकाठी. मग काटे वर आले कसे? राजेश्वरी गुडघ्यावर बसली. कडेच्या धुळीत बारीक बारीक ओरखडे होते, जणू कुणी मोठ्या खराट्यानं रस्ता झाडत वर गेलं होतं. वळणावर ते जास्त खोल होते आणि काटेही तिथंच जास्त होते.

“फेसाटी!” राजेश्वरी आणि मुजीब एकदमच म्हणाले.

मुरुमच्या पाहुण्यालाही हे सांगावं लागलं नाही. ज्वारी उगवून आली की शेताला काट्याचं कुंपण करायचं, त्यासाठी बाभळीच्या फांद्या तोडायच्या, दोरानं बांधून त्यांची फेसाटी करायची आणि बैलामागं नाहीतर ट्रॅक्टरमागं फरफटत न्यायची. काटे हातानं कोण उचलणार? आजोबांच्या आजोबांपासून फेसाटी ओढतच नेतात. शेतवाटेवर चार काटे पडले तर वहाण असतेच पायात. म्हणून तर रस्त्यावरून फेसाटी गेली तरी कुणाच्या डोळ्यात येत नाही. ओढ्यातून पाणी गेल्यासारखंच ते.

आता ओरखड्यांच्या मागं मागं जायचं एवढंच राहिलं होतं. माथा येईपर्यंत महांतेशनं करंज्या संपवल्या आणि पायांना शिव्या देऊन झाल्या. माथ्यावर रविवारच्या बक्षीस समारंभाचा मंडप उभा होता. मंडपावर हिंमतरावांचा भलामोठा फोटो हसत होता, आणि मंडपाभोवती पांढऱ्याशुभ्र काट्यांचं कुंपण होतं. अर्धं.

मंडपाच्या सावलीत ट्रॅक्टरवाले मल्लिनाथमामा भाकरी खात होते. त्यांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. गावच्या शेळ्या मंडपाची झालर खातात, म्हणून अध्यक्षांनीच कुंपण करायला सांगितलं होतं. पहिली फेसाटी सरावाच्या दिवशी भल्या सकाळी ओढून आणली. दुसरी खाली चहाच्या टपरीमागं बांधून ठेवली आहे. ती शनिवारी दुपारी आणायची.

“आणि रविवारी सकाळी सगळे टायर पुन्हा बसायचे,” मुजीब पुटपुटला.

राजेश्वरी तडक हिंमतरावांना गाठायला गेली. ते पायथ्याशी कमान उभारून घेत होते. तिनं सगळं नीट सांगितलं. पण मोठी माणसं एकदा निकाल देऊन बसली, की त्यांच्या कानांनाही सुट्टी लागते. हिंमतराव हसले, चार माणसांना हाक मारून हसवलं आणि म्हणाले, “माझं कुंपण माथ्यावर, काटे तिसऱ्या वळणावर. काटे काय चालत खाली आले?”

राजेश्वरी परतली. मुजीब म्हणाला, मल्लिनाथमामांना सांगून ट्रॅक्टरच थांबवू. तिनं मान हलवली. ट्रॅक्टर थांबला तर रविवारी काटा पडणार नाही, आणि मग हिंमतराव म्हणतील, बघा, पोरांना दम दिला म्हणून काटे थांबले. तिचं नाव जन्मभर काट्यातच राहील.

“त्यांना सांगून कळत न्हाय,” ती म्हणाली. “मग दाखवू.”

टपरी होती राजेश्वरीच्या आत्याची, धुरपदाबाईंची. टपरीत सुरुवातीची रेघ आखायला मंडळानं फक्कीची पोती आणून टाकली होती. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी भुकटी. राजेश्वरीची नजर पोत्यांवरून टपरीमागच्या फेसाटीवर गेली, पुन्हा पोत्यांवर आली, आणि गालात खळी पडली.

आत्यानं ती खळी लहानपणापासून पाहिली होती. तिनं स्टोव्ह मोठा केला, पाठ फिरवली आणि म्हणाली, “म्या काय बघितलं न्हाय गं बाई. चहात ध्यान हाय माझं. पर एक पोतं त्यांच्या रेघंला ठिवा.”

शनिवारी जेवणवेळेला तिघांनी फेसाटीच्या फांदीफांदीत फक्की ओतली. मुजीबच्या मिशीच्या जागेपासून महांतेशच्या टकुऱ्यापर्यंत सगळं पांढरं झालं. मग मल्लिनाथमामा आले, फेसाटीचा दोर ट्रॅक्टरला बांधला, रेडिओ मोठा केला आणि मागं न बघता घाट चढायला लागले. मागं बघायचं कारणच काय? फेसाटी ती फेसाटीच.

तिघं पोरं पांढऱ्या भुतांसारखी रस्त्यावर उभी राहून बघत होती. काळ्या डांबरावर पांढरी रेघ उमटत, वळत, चढत चालली होती.

रविवारी सकाळी हिंमतराव आले आणि कमानीखालीच थबकले. टपरीपासून निघालेली वीतभर रुंद पांढरी रेघ घाटात शिरली होती, आणि रेघेत जागोजागी काटे चमकत होते. सगळे सायकलवाले ती बघत उभे होते. हिंमतरावांचा चेहरा फुलला.

“पोरांनी आपल्या हातानं माग काढून ठेवलाय! चला, रेघेच्या टोकाला चोर सापडतो.”

हिंमतरावांची जीप निघाली. मागच्या फळीवर बोलावणं नसताना राजेश्वरी, मुजीब आणि महांतेश चढून बसले. जीपमागं गावातल्या चार मोटारसायकली आणि निम्मं मंडळ. तिसऱ्या वळणावर रेघ चांगली हातभर रुंद झाली होती. हिंमतराव प्रत्येक वळणावर “बघा, बघा” म्हणत होते. शेवटच्या वळणानंतर त्यांनी जीपच्या काचेला नाक लावलं. रेघ मंडपाच्या दिशेनं वळली, अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोखालून गेली आणि कुंपणाच्या पांढऱ्याफेक फांद्यांत जाऊन संपली.

एक शेळी तेवढी खोकली.

“मालक,” मल्लिनाथमामा डोकं खाजवत म्हणाले, “फेसाटी तर तुमीच आणायला सांगितली व्हती.”

राजेश्वरी जीपमधून उतरली. “काटे चालत न्हाय आले, काका. फरफटत आले. आणि खाली न्हाय, वर चालले व्हते.”

आधी एक सायकलवाला हसला. मग दुसरा. मग सगळा माथाच हसायला लागला. हिंमतराव लाल झाले, पांढरे झाले. ते शेवटी टोपी काढून रेघेकडं बघत उभे राहिले. माणूस तसा वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक त्यांची, आणि राजेश्वरीचं नाव पुन्हा आत.

“आता खराटे घ्या,” राजेश्वरी म्हणाली. “खाली गावातली सगळी पोरं खराटे घेऊन उभी हायेत. एक जास्तीचा आणलाय.”

तो जास्तीचा खराटा कुणासाठी होता हे विचारावं लागलं नाही. मंडळाचे अध्यक्ष पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत वाकून रस्ता झाडत गेले.

आणि मग शर्यत सुटली. गिअरवाल्या सायकली भर्रकन पुढे गेल्या. राजेश्वरी मागं राहिली, अगदी मागं. तिसऱ्या वळणावर चढ असा अंगावर आला की पॅडल दगडासारखं झालं. चेन कण्हायला लागली. पुढच्या एका रंगीत सायकलवाल्यानं पाय टेकला. मग दुसऱ्यानं. सायकल थांबायला आली, आणि राजेश्वरीनं हँडल एकदम आडवं वळवलं. ऊस भरलेली बैलगाडी चढ सरळ चढत नाही. या कडेहून त्या कडेला, त्या कडेहून या कडेला, नागमोडी जाते. ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. वाट दुप्पट झाली, पण चढ निम्मा झाला.

“रस्ता मोजायला निघालीस का गं?” कडेला बसलेला एक जण धापा टाकत म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. “तुमच्या वाटणीचा पण मोजते.”

मांड्या पेटल्या, डोळ्यांत घाम उतरला. मुजीब आणि महांतेश कडेनं धावत होते. महांतेश धावत होता, हेच मुळात घाटाच्या इतिहासातलं दुसरं आश्चर्य. एकदा सायकल इतकी डुगडुगली की उजवा पाय हवेत गेला. पाय खाली आला तो पॅडलवरच.

ती माथ्यावर पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. कुंपण उचलल्यामुळं शेळ्या मंडपात शिरून झालर, तोरण आणि हिंमतरावांच्या फोटोचा एक कान खाऊन बसल्या होत्या. पण टाळ्या थांबत नव्हत्या. निम्म्याहून जास्त गिअरवाल्यांनी पाय टेकला होता, आणि शाळेची सायकल पाय न टेकवता आली होती. टपरी बंद करून वर आलेल्या आत्यानं पदरानं तिचा घाम पुसला आणि चारचौघांत म्हणाली, “घाटानं हात टेकले, पोरीनं पाय न्हाय टेकला.”

घालायला हार उरला नव्हता. हिंमतरावांनी जीपमधलं आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. पुढच्या वर्षी बिनगिअरच्या सायकलींची रांग सगळ्यात पुढे लावू, असं त्यांनी जाहीर केलं. मुजीबकडून साऱ्या मंडळाच्या सायकलींत टायरात टायर घालून घेऊ, असंही म्हणाले. मग तिला विचारलं, “आणि तुला काय हवं, बोल.”

राजेश्वरीनं सायकल स्टँडवर लावली. वाकून मागचं चाक हळूहळू फिरवलं, थांबवलं आणि रबरात रुतलेलं काहीतरी चिमटीनं उपसलं. टायर टणक होता, जरासुद्धा हवा गेली नव्हती. तिनं तो लांब, पांढरा काटा हिंमतरावांच्या तळहातावर ठेवला.

“मला काय नको, काका. हा तेवढा झाडायचा राह्यला व्हता. तुमचा हाय.”