शंकेचा कौल

कौल मागायचा तो रुग्णाच्या उशाशी उभं राहून, मोठ्याने. कायदाच तसा होता. म्हणून केतकी टिपणीस नवऱ्याच्या पलंगाला टेकून म्हणाली, "निरंजनची यंत्रं चालू ठेवावीत, अशी माझी मागणी आहे."

भिंतीवर हिरवा दिवा होता. त्याखालच्या जाळीतून निरंजनचाच आवाज आला.

"शंका आहे. मागणी नामंजूर."

निरंजन स्वतः दिवाळीपासून डोळे मिटून पडला होता. बोलला तो त्याचा कौलठसा.

डॉ. सबा तांबोळींनी तिला बाहेर नेऊन चहा दिला आणि समजावून सांगितलं. नियम स्पष्ट असला की सगळी माणसं सारखीच वागतात. तो मोघम असला की मधली फट ज्याची तो आपल्या स्वभावाने बुजवतो. एखाद्याने अशा फटी कशा बुजवल्या ते पुरेसं गोळा केलं, की त्याच्या मनाचा साचाच हाती लागतो. तोच कौलठसा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या वतीने दर महिन्याला तो कौल देतो, आणि खोलीतलं बोलणं ऐकत शिकतही राहतो. सलग दोनदा 'बंद' आलं, की यंत्रं थांबवायची. आजचा 'बंद' पहिला.

निरंजनचा ठसा घडला होता रविवारच्या खेळातून. पटाभोवती मित्रमंडळी जमायची आणि फासे टाकत जादूच्या राज्यात हिंडायची. मंत्रांचे नियम मोघम, त्यावरून भांडणं ठरलेली, आणि निवाडा सूत्रधाराचा, म्हणजे निरंजनचा. हौसेने सगळं ध्वनिमुद्रितही केलेलं.

"अहो, तो खेळ होता," केतकी म्हणाली. "घरी हा माणूस मुंग्यांची रांग दिसली तरी वळसा घालून जायचा."

"ते कुणी टिपून ठेवलं नाही ना, ताई."

केतकीला एक जुना रविवार आठवला. खेळात ती रानवैदीण होती आणि तिचा सोबती लढाईत पडला होता. हाकमंत्राचा नियम सांगायचा, पडलेल्याला हाक ऐकू आली तर तो उठतो. ऐकू आली हे ओळखायचं कसं, याबद्दल नियम गप्प. ती इरेला पेटून भांडली होती. निरंजनने शांतपणे चिवडा चावत निवाडा दिला होता, की शंका असेल तर निकाल मागणाऱ्याच्या विरुद्ध. नाहीतर जो तो नियमात स्वतःला हवं तेच वाचेल. "वहिनी, आजपासून याचं जेवण बंद करा," असं कुणीतरी म्हणालं, आणि रागावलेली केतकीसुद्धा हसली होती.

मागणाऱ्याच्या विरुद्ध. हातातला चहा तसाच निवून गेला.

पुढच्या कौलाच्या दिवशी तिने नेहमीसारखी पूजा केली, फुलं वाहिली, पण देवाकडे काहीच मागितलं नाही. मागायचीच तिला भीती वाटू लागली होती.

मग ती निरंजनच्या उशाशी आली. या वेळी ती म्हणाली, "निरंजनची यंत्रं बंद करावीत, अशी माझी मागणी आहे."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या.

"शंका आहे," जाळीतून निरंजन म्हणाला. "मागणी नामंजूर."

केतकीने डोळे मिटले. जिंकलो आपण, असं तिच्या मनात आलं. इतक्यात डॉक्टरांनी तिचा दंड धरला.

"ताई, पडद्याकडे बघा. तुम्ही बोललात आणि यांचे ठोके केवढे वाढले. ऐकू येतंय यांना."

एवढ्याने कायद्याची शंका फिटणार नव्हती. कौल पुढच्या महिन्यातही मागावाच लागणार होता. पण डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बोला ना त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "काहीही बोला. याच क्षणाची तर वाट बघत होतो आपण."

केतकी त्याच्या कानाशी वाकली. ओठांवर सगळं आलं होतं. तेवढ्यात भिंतीवरचा हिरवा दिवा दिसला. या खोलीतलं प्रत्येक वाक्य ठसा ऐकत होता आणि त्यातून शिकत होता. तिला खरं काय हवंय हे एकदा कळलं, की पुढचा कौल नेमका त्या इच्छेच्या विरुद्ध जाणार.

तिने निरंजनचं पांघरूण सारखं केलं. पडद्यावरचे ठोके अजून खाली आले नव्हते.

मग ती सरळ उभी राहिली आणि डॉक्टरांना पुढच्या कौलाची तारीख विचारली.