‘सोमवार बंद’ची गाणी

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास खासगी गुप्तहेर संयोगिता माने यांच्या सांगलीतल्या ऑफिसात एक मुलगी आली, खुर्चीत बसली आणि तोंड उघडायच्या आधीच रडायला लागली. बाईंना त्याची सवय होती. त्यांच्याकडं येणारे निम्मे लोक लग्नाआधी चौकशी करायला यायचे, उरलेले लग्नानंतर.

सुभेदार दिग्विजय घोरपड्यांनी मुकाट्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पलटणीतून रिटायर होऊन कराडजवळचा ऊस भावाच्या हवाली केलेला हा आडदांड गडी तीन वर्षांपासून बाईंच्या मदतीला होता. मनानं लाख माणूस. डोकं मात्र जरा उशिरा पेटायचं.

“नवरा का?” त्यांनी हळूच विचारलं.

“हार्ड डिस्क,” मुलगी म्हणाली.

तिचं नाव उत्कर्षा जगदाळे. एरवी क्लासमध्ये गणित शिकवायची आणि सोमवारी ‘सोमवार बंद’ नावाच्या रॉक बँडमध्ये गायची, बेस गिटार वाजवायची. बँडमध्ये तिघंच. गिटारला यशराज, ड्रमला मल्हार. कुपवाडला कृष्णातमामा म्हणून एका ओळखीच्यांचं वर्कशॉप होतं. त्या गल्लीत सोमवारी सुट्टी, सगळी यंत्रं गप्प. म्हणून चार वर्षं दर सोमवारी सराव तिथं, रेकॉर्डिंग तिथं, आणि बँडचं नावही त्यावरूनच.

“आन् ऐकायला कोण येतं?” सुभेदारांनी विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

“कराडच्या कार्यक्रमाला चौदा जण होते. त्यातले तीन मंडपवाले.”

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असली गाणी करणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. कुणी पुण्याला गेलं, कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. हे तिघं तेवढे चिवट. चार वर्षांत त्यांनी स्वतःची सात गाणी रेकॉर्ड केली होती, आणि आठव्याचे फक्त ड्रम राहिले होते.

“मल्हार सैन्यात भरती झालाय,” उत्कर्षा म्हणाली. “मंगळवारी सकाळी बेळगावला ट्रेनिंगला जातोय. हा सोमवार शेवटचा. डिस्क मिळाली नाही तर आमचा अल्बम कधीच होणार नाही, मॅडम. तो परत येईल तेव्हा आम्ही कोण कुठं असू कुणास ठाऊक.”

“दुसरी कॉपी?”

“लॅपटॉप जुना, त्यात मावत नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिलं. फोनवर तुकडे आहेत थोडे.”

“डिस्क ठेवायचात कुठं?”

“वर्कशॉपमागच्या आमच्या खोलीत, लोखंडी कपाटात. सोमवारी संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावलं. काल गुरुवारी गेले तर कुलूप जसंच्या तसं, आणि डिस्क गायब. त्या कुलपाला तीनच किल्ल्या आहेत. तिघांच्या तीन.” तिनं डोळे पुसले. “म्हणजे चोर आमच्यातलाच ना? काल मी मल्हारला तोंडावर चोर म्हणाले. एरवी तो भांडभांड भांडतो. काल काहीच बोलला नाही. हेल्मेट घातलं आणि गेला.”

बाईंनी फोनवरचा तुकडा ऐकवायला सांगितलं. तो याच सोमवारचा होता. सुरुवातीलाच असा काही कर्कश्श करकराट झाला की सुभेदारांचे दात आंबले. मग गिटार सुरू झाली.

“हे काय वाद्य म्हणायचं?”

“कपाटाचं दार.” उत्कर्षा इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. “ते तसंच कोकलतं. आठव्या गाण्याची सुरुवातच त्यानं होते. यशराज त्याला चौथा मेंबर म्हणतो.”

दुपारी बाई, सुभेदार आणि उत्कर्षा कुपवाडला पोचले. वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकायचा प्रेस धाडधाड चालू होता. सुभेदारांनी काहीतरी विचारलं ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. पाहुणे आलेले बघून कृष्णातमामांनी प्रेस बंद केला आणि कापडाला हात पुसत पुढं आले. साठीचे, सडपातळ, स्वच्छ निळा शर्ट. पूर्वी हाताखाली दोन माणसं होती. आता ते एकटेच.

“या की. चा सांगू का?” त्यांनी विचारलं. “पोरीची डिस्क सापडंल न्हवं ताई?”

“बघू. वर्कशॉपची किल्ली कुणाकडं असते?”

“एक माझ्याकडं, एक उत्कर्षाकडं. कपाटाची मातूर त्यांची त्यांच्याकडं. कपाट माझंच हाय, हत्यारांचं. पन दिलं ते दिलं. परत कशाला हात लावायचा?”

मागची खोली प्लायवूडनं पार्टिशन टाकून केलेली. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. उत्कर्षानं किल्लीनं कुलूप काढलं. कपाटाला एकच दार, बिजागरं बाहेरून. सुभेदार आत डोकं घालून वायरी उपसत बसले. बाईंनी मात्र नुसतं दार दोन-तीनदा पुढंमागं केलं. इतकी शांतता होती की शेजारच्या शेडमधला पंखा ऐकू येत होता.

“काल तू कपाट उघडलंस तेव्हा प्रेस चालू होता?”

“हो. कामाचा दिवस ना.”

“याआधी असं काही हरवलं होतं?”

उत्कर्षानं आठवून सांगितलं. गणपतीच्या आधी सातवं गाणं संपवायचं ठरलं तर रेकॉर्डिंगच्या मिक्सरचा अडॅप्टर गायब झाला. दोन आठवड्यांनी टेबलामागं सापडला. दिवाळीनंतर सगळं उरकायचं ठरलं तर खोलीतली लाईटच गेली, नंतर फ्यूज मिळाला नाही. त्यात आणखी दोन सोमवार गेले.

निघताना कृष्णातमामा सुभेदारांच्या बुलेटपाशी उकिडवे बसले होते. “स्टँड अडखळतंय तुमचं,” म्हणाले आणि तेलाचे चार थेंब सोडून, पायानं वरखाली करून बघितल्यावरच उठले.

शनिवारी यशराजला गाठलं. तो एका कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा. बाईंना पाहून त्यानं डबा झाकून ठेवला.

“माझे दोन सोलो उत्कर्षानं कापले म्हणून मी चिडलो होतो, खरंय,” तो म्हणाला. “पण म्हणून स्वतःचीच गाणी चोरू? मल्हारला विचारा. त्याच्या घरच्यांना हे वाजवणं कधीच पटलं नाही.”

“बरं, तुमचा चौथा मेंबर कसा आहे?”

“कपाट? त्याला आम्ही फडकंसुद्धा लावत नाही. आवाज बदलला तर गाणं गेलं ना! सोमवारी ते परत एकदा रेकॉर्ड करायचंय.”

मल्हार मूळचा जतकडचा. सांगलीत चुलत्याकडं राहायचा. अंगणात ट्रंक उघडी पडली होती आणि तो बुटांना पॉलिश करत होता. सुभेदारांना पाहिल्यावर उभाच राहिला.

“कंची पलटण, साहेब?”

दहा मिनिटं पलटणीतच गेली. बाईंनी जाऊ दिली. मग म्हणाल्या, “सोमवारी तू शेवटी निघालास ना?”

“व्हय. उत्कर्षानं कपाट लावलं तवा मी दारातच हुतो. शेवटची बोंब मारली त्यानं, आन् आमी निघालो.” त्यानं गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली काढून ट्रंकेवर ठेवली. “ही तिला द्या. मी काय आता सोमवारी येत न्हाई. चार वर्सं एका ताटात जेवलो मॅडम. चोर म्हनली ती मला. लय लागलं.”

परतीच्या वाटेवर सुभेदार म्हणाले, “मॅडम, पोरगं खरं बोलतंय. म्हणजे यशराजच.”

“तुम्ही कालपासून काय ऐकलं नाही, ते आठवा सुभेदार.”

सुभेदारांनी सांगलीबाहेरचं अंकली येईपर्यंत विचार केला. बुलेट उलट्या दिशेला चाललीय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. मल्हारला सुभेदार स्वतः जाऊन घेऊन आले. तिघं पोरं तीन कोपऱ्यांत उभी राहिली, एकमेकांकडं न बघता. कृष्णातमामांनी सगळ्यांसाठी स्टुलं पुसून ठेवली होती. त्यावर कुणीच बसलं नाही.

बाईंनी फोनवरचा तुकडा लावला. करकराट झाला. मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं. काही झालं नाही. मिटलं, पुन्हा उघडलं. पोरं बघतच राहिली.

“अरेच्चा!” यशराज म्हणाला. “ओरडत नाही!”

“सोमवारी कुलूप लावताना ओरडलं होतं. मल्हारनं ऐकलंय. गुरुवारी उत्कर्षानं उघडलं तेव्हा प्रेसच्या दणक्यात तिला काही कळलं नाही. शुक्रवारी प्रेस बंद होता, तेव्हा मी कान देऊन ऐकलं, तर आवाजच नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवारच्या मधे कुणीतरी बिजागरांना तेल दिलंय.”

“आमच्यातलं कुणी देणार नाही,” उत्कर्षा म्हणाली. “तो आवाज आम्हाला हवाय.”

“म्हणूनच तुम्ही तिघं सुटलात. आता तेल दिलं कशाला? हे बघा.” बाईंनी बिजागराच्या मधल्या पिनवर बोट टेकवलं. बोटाला चकचकीत तेल लागलं. “दाराला कुलूप असलं तरी बाहेरच्या बाजूनं या पिना ठोकून काढल्या की दार दुसऱ्या अंगानं उघडतं. काम झालं की पिना परत बसवायच्या. कुलूप शाबूत. तुमच्याकडं किल्ल्या होत्या. तुम्हाला हा उद्योग करायची गरजच नव्हती. ज्याच्याकडं कपाटाची किल्ली नव्हती पण वर्कशॉपची होती, त्याला होती.”

सुभेदारांचं डोकं इथं पेटलं. त्यांनी सावकाश मान वळवून आपल्या बुलेटकडं बघितलं.

“चोराची चूक एवढीच,” बाई म्हणाल्या, “की पिन कोरडी बसवणं त्याच्या जिवावर आलं. चाळीस वर्षं यंत्रावर काम केलेला माणूस कोरडी पिन आत घालूच शकत नाही. हात आपोआप तेलाकडं जातो. खरं ना मामा?”

कृष्णातमामा वळले. आत गेले, डब्याची पिशवी घेऊन आले. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क त्यांनी स्टुलावर ठेवली.

“रोज घरी न्हेत हुतो आन् परत आनत हुतो,” ते म्हणाले. “हितं धक्का लागंल म्हनून.”

“अडॅप्टर आणि फ्यूजही तुम्हीच?”

“व्हय.”

“का पण मामा?” उत्कर्षाचा आवाज फाटला. “मी मल्हारला चोर म्हणाले तुमच्यामुळं! तुम्ही इथंच उभे होता. ऐकत होता!”

“तवा सांगनार हुतो. तोंडातनं शब्दच निघंना.” मामा खाली बघत म्हणाले. “पोरी, बायकू गेल्यापास्नं सोमवार मला खायला उठायचा. सा दिवस मशीन बोलतंय. सोमवारी कुनीच न्हाई. ल्योक तिकडं दुबईला. मग तुमी आलासा. मला वाटलं डिस्क गेली तर परत पयल्यापास्नं कराल. आनखी दोन-तीन वर्सं निघतील. मल्हार जानार हाय हे ठावं हुतं, पन सुट्टीला यील की, म्हनलं.”

“आमची गाणी एवढी आवडायची तुम्हाला?” यशराजनं विचारलं. असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

“खोटं कशाला बोलू? गानी मला कळत न्हाईत बाबा. डोस्कं उठतं. गान्याच्या मधी तुमी बोलता न्हवं, भांडता, येकमेकाची उनीदुनी काढता, ते मी पार्टिशनच्या अलीकडं बसून ऐकायचो. घरात मानसं असल्यागत वाटायचं.”

मग उत्कर्षा मल्हारसमोर जाऊन उभी राहिली. “चुकलं माझं,” म्हणाली. “लय चुकलं.” बाईंनी तिच्याकडं पोचवलेली आपली किल्ली मल्हारनं तिच्या हातातून घेतली आणि नुसती मान हलवली. माफ केलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. पण सोमवारी तो सकाळी नऊला हजर झाला. कपाट ओरडत नव्हतं, म्हणून फोनवरचाच करकराट घेतला. चारपर्यंत आठवं गाणं झालं. मंगळवारी पहाटे तिघंही स्टँडवर होते. सुभेदारही उगाचच गेले होते.

उत्कर्षानं मामांना माफ केलं नाही. तसं तिनं सुभेदारांना स्पष्ट सांगितलं. वर्कशॉपमधून सामान हलवलं तेव्हाही ती त्यांच्याशी बोलली नाही. जाताना मात्र एक पेन ड्राइव्ह प्रेसवर ठेवला आणि निघून गेली.

दीड महिन्यानं एका सोमवारी सुभेदार दुसऱ्या एका चौकशीसाठी कुपवाडला गेले होते. गल्ली सामसूम. मामांच्या वर्कशॉपवरून जाताना आतून भांडण ऐकू आलं आणि त्यांनी बुलेट थांबवली. उत्कर्षा ओरडत होती, यशराज ‘मी परत वाजवणार नाही’ म्हणत होता. पोरं परत आली वाटतं, असं म्हणून सुभेदार खुशीत दारापाशी गेले.

आत मामा एकटेच स्टुलावर बसले होते. पुढ्यात छोटा स्पीकर होता, त्याला उत्कर्षानं ठेवलेला पेन ड्राइव्ह लावलेला. त्यात गाणं कुठलंच नव्हतं, नुसतं चार वर्षांचं मधलं बोलणं होतं.

“मामा, किती वाजले वो?” स्पीकरमधून मल्हारनं विचारलं.

कृष्णातमामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “पावनेपाच,” ते मोठ्यानं म्हणाले.